सृष्टीचा आनंद आणि आपला उपदेश : स्तोत्र १०४ चे एक वाचन

स्तोत्रसंहितेतील १०४ वे स्तोत्र (व्हल्गेटच्या क्रमानुसार १०३ वे) आपल्या उपासनेत वर्षातून निदान एकदा, पेंटेकॉस्टच्या सणाला, हमखास ऐकू येते. रोमन कॅथलिक वाचनमालेने त्या दिवसासाठी त्यातील १, २४, २९ ते ३१ व ३४ एवढी वचने निवडलेली आहेत. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रचलित असलेल्या १९९२ च्या सुधारित सामायिक वाचनमालेत २४ ते ३४ ही वचने आणि ३५ व्या वचनाचा केवळ उत्तरार्ध आहे. तिसाव्या वचनात देवाच्या आत्म्याचा उल्लेख आहे व सण आत्म्याचा आहे, तेव्हा निवडीमागील हेतू उघड आहे आणि त्याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु पहिल्या निवडीचा परिणाम काय होतो तो पाहावा. देवाची कृत्ये किती विविध आहेत असे मंडळी मोठ्याने म्हणते, आणि त्या कृत्यांपैकी एकही तिच्या कानी पडत नाही. रानगाढव नाही, करकोचा नाही, सिंह नाही, समुद्रही नाही. कवीने तेवीस वचने डोळे उघडे ठेवून जे पाहिले ते बाजूला पडते आणि त्या पाहण्याच्या शेवटी त्याच्या तोंडून निघालेला उद्गार तेवढा आपल्या हाती उरतो.

हा दोष वाचनमालेचाच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या व्यासपीठांवरून सृष्टीविषयी जे बोलले जाते त्यातही हीच घाई असते. मुंगी दिसली की उद्योग, चिमणी दिसली की भरवसा, झाडाचे पान गळाले की आयुष्याची क्षणभंगुरता! प्राणी व्यासपीठावर येतो तो आपला धडा सांगून निघून जाण्यासाठीच. त्याच्याकडे टक लावून पाहावे, तो कसा जगतो हे समजून घ्यावे आणि त्यात सुख मानावे, हे उपदेशकाचे काम आहे असे आपल्याला वाटत नाही. कित्येकांना तर तो वेळेचा अपव्यय वाटतो. या समजुतीच्या विरुद्ध पवित्र शास्त्रात जर कोठे सबळ साक्ष असेल तर ती या स्तोत्रात आहे, आणि ती साक्ष स्तोत्र सबंध वाचल्यावाचून मिळत नाही.

स्तोत्राची मांडणी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या क्रमाला बरीचशी धरून आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. प्रकाश, आकाश, जलांचे मागे हटणे, भूमी, वनस्पती, चंद्रसूर्य, समुद्रातील जीव असा तो क्रम होय. पण एका ठिकाणी स्तोत्रकर्त्याने तो मोडला आहे. उत्पत्तीमध्ये मनुष्य शेवटी येतो आणि त्याला सत्ता दिली जाते. येथे मनुष्य मध्येच कोठेतरी येतो, तोही चौदाव्या वचनात गुरांच्या चाऱ्यानंतर. सत्तेचा शब्दही नाही. पुढे तेविसाव्या वचनात तो पुन्हा दिसतो, तेव्हा तो सकाळी कामाला निघालेला असतो व संध्याकाळपर्यंत राबतो. त्याच्या लगेच आधीच्या वचनांत रात्रभर भक्ष्य शोधून सिंह आपल्या गुहांत परतलेले असतात. म्हणजे एकाच भूमीवर दोन पाळ्या चालतात, रात्रीची सिंहाची आणि दिवसाची माणसाची. सिंहाची गर्जना ही देवाजवळ केलेली अन्नाची मागणी आहे असे कवी मानतो. शेतकरी आणि सिंह यांना इतक्या शांतपणे शेजारी बसविणारा दुसरा उतारा जुन्या करारात शोधूनही सापडणे कठीण.

लबानोनाच्या गंधसरूंचे उदाहरण याहून बोलके आहे. प्राचीन काळी मिसर व मेसोपोटेमिया येथील राजांना हे वृक्ष हवे असत ते तोडण्यासाठी. शलमोनाने बांधलेले मंदिरही त्याच लाकडाचे. स्तोत्रकर्ता ज्या उपासनेतला आहे तिच्या भिंतींना हे लाकूड लागलेले असताना त्याला गंधसरूचा कोणता उपयोग आठवावा? पाखरे तेथे घरटी बांधतात, एवढाच. ही झाडे परमेश्वराने लावली, असे तो म्हणतो. तुळया आणि तक्ते यांची त्याला आठवणही होत नाही.

या स्तोत्राची तुलना मिसरमधील आतेन देवतेच्या महास्तोत्राशी नेहमी केली जाते. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातील राजा आखेनातेन याच्या काळचे हे स्तोत्र अमार्ना येथे आय नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत कोरलेले आढळले आणि १८९४ साली ब्रेस्टेड याने बर्लिन येथील आपल्या प्रबंधात त्याचा अभ्यास मांडला. दोहोंत साम्ये आहेत व ती लपविण्याचे कारण नाही. रात्री बाहेर पडणारे सिंह, दिवसा कामाला लागणारी माणसे, जलमार्गाने जाणारी तारवे, विविध कृत्यांविषयीचा उद्गार, हे सर्व दोन्हीकडे आहे. प्रत्यक्ष उसनवारी झाली की त्या प्रदेशात फिरत असलेला काव्यसंकेत दोघांनी वापरला, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. प्रस्तुत लेखकाला त्या वादापेक्षा दोहोंतील भेद अधिक उपयोगी वाटतो. मिसरी कवीला अंड्यातील पिलाचा श्वास दिसतो, उड्या मारणारे मासे दिसतात. त्याची दृष्टी खचित तीक्ष्ण आहे. परंतु त्याची रात्र मरणासारखी आहे. सूर्य मावळला की सिंह बाहेर पडतात, साप डसतात, जग निपचित पडते. सूर्यच देव असल्यावर रात्र देवावाचूनची होणारच. इब्री कवीने सूर्याला मावळण्याची वेळ ओळखणारा चाकर केले, आणि त्याबरोबर रात्रही देवाच्या राज्यात आली.

दुसरा भेद आपल्या विषयाला आणखी जवळचा आहे. मिसरी स्तोत्राच्या अखेरीस या देवाला राजावाचून कोणी जाणत नाही असे स्पष्ट सांगितलेले आहे. सृष्टी सर्वांना दिसत असली तरी तिचा अर्थ एकट्या राजापाशी. इब्री स्तोत्रात राजा नाही, याजकही नाही. ज्याला डोळे आहेत तो हे स्तोत्र म्हणू शकतो.

डोळ्यांबरोबर थोडी माहितीही लागते. अठराव्या वचनात 'शाफान' नावाचा एक प्राणी खडकांच्या आश्रयाला राहतो असे म्हटले आहे. हा आपल्या देशात नाही, म्हणून भाषांतरकारांची नेहमीच पंचाईत होते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीही तेथे सशाचाच शब्द घालून वेळ निभावली. आकाराने तो सशाएवढाच असतो खरा, पण प्राणिशास्त्रज्ञ त्याचे नाते हत्तीशी जोडतात. त्याला बिळे खणता येत नाहीत. तळपायाला रबरासारख्या ओलसर गाद्या असल्यामुळे तो उभ्या कड्यावर सहज चढतो. अंगातील उष्णता त्याला नीट राखता येत नसल्याने सकाळी हे प्राणी कळपाने खडकावर उन्हाला बसतात, आणि गिधाड वा गरुड दिसताच पहाऱ्यावरील एकाच्या ओरडण्यासरशी फटींत नाहीसे होतात. ही माहिती कळल्यावर वचन पुन्हा वाचावे. खडक हा निरुपयोगी, ओसाड भाग आहे असे शेतकऱ्याला वाटते; कवीला कोणीतरी तेथे घर करून राहिलेले दिसते. सशाचे नाव घातले की वचनातील हे नेमके पाहणेच नाहीसे होते. सतराव्या वचनातील करकोच्याचेही तसेच आहे. त्याचे इब्री नाव 'हेसेद' म्हणजे करुणा, एकनिष्ठता, या शब्दाशी संबंधित आहे, आणि वसंतात त्या देशावरून उत्तरेस जाणाऱ्या पांढऱ्या करकोच्यांची संख्या लक्षावधी भरते. यिर्मयानेही आठव्या अध्यायात त्याचे वेळापत्रक लक्षात ठेवलेले आहे. त्यांपैकी काही पक्षी हिवाळ्यात आपल्या पश्चिम भारताच्या माळांवर उतरतात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांनी कधी मंडळीला सांगितली असेल?

आता लिव्याथानाकडे यावे. रास शाम्रा येथे १९२९ पासून सापडलेल्या युगारिती पाट्यांत 'लोतान' नावाच्या सर्परूपी राक्षसाचा वध आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रातही देव लिव्याथानाची मस्तके ठेचतो. अशा भयंकर प्राण्याला १०४ व्या स्तोत्राच्या सव्विसाव्या वचनात देवाने निर्माण केले ते खेळण्यासाठी! इब्री वाक्याचे व्याकरण दोन अर्थांना वाव देते. लिव्याथान समुद्रात खेळतो, हा एक. देव लिव्याथानाबरोबर खेळतो, हा दुसरा. तालमूदमधील आचार्यांनी दुसरा अर्थ घेऊन, दिवसाचे अखेरचे तीन तास देव लिव्याथानाशी खेळण्यात घालवितो, असे अवोदा झारा या प्रकरणात सांगून ठेवले आहे. आपल्या मराठी टीकाग्रंथांना ही कल्पना जरा धीट वाटेल, पण ती स्तोत्राच्या प्रकृतीशी जुळणारी आहे. उपयोगावाचून आणि बोधावाचून एक प्रचंड जीव अस्तित्वात आहे. खेळ एवढेच त्याचे कारण.

यावरून स्तोत्रातील मुख्य शब्दाकडे जाता येते. आनंदाचा वाचक असा 'सामाह' हा इब्री धातू येथे तीन वेळा आला आहे. पंधराव्या वचनात द्राक्षारस मनुष्याचे हृदय आनंदित करतो. एकतिसाव्यात परमेश्वराने आपल्या कृत्यांत आनंद मानावा अशी इच्छा आहे. चौतिसाव्यात कवी स्वतः परमेश्वराच्या ठायी आनंद मानतो. भाषांतरांत यांसाठी कधी हर्ष, कधी उल्हास, कधी आनंद असे निरनिराळे शब्द योजले की हा धागा तुटतो. मुळात द्राक्षारसाच्या घोटाने माणसाला होणारा आनंद, सृष्टीकडे पाहून देवाला होणारा आनंद आणि देवाच्या ठायी भक्ताचा आनंद यांना एकच शब्द आहे. या तिहींतील मधला आनंद देवाचा स्वतःचा असल्यामुळे सृष्टीत रमणारा मनुष्य देवापासून दूर जातो की काय, या भीतीला आधार उरत नाही. देव जेथे रमला आहे तेथेच तोही रमतो. आणि चोविसाव्या वचनात म्हटल्याप्रमाणे ही कृत्ये ज्ञानाने केलेली असल्यामुळे, त्यांत रमणे आणि ती समजून घेणे ही दोन वेगळी कामे उरत नाहीत.

पश्चिमेकडील मंडळीच्या परंपरेत मात्र ही भीती खोलवर रुजली आहे. संत ऑगस्टीन याने इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबां'च्या दहाव्या पुस्तकात कुतूहल हा एक मोह म्हणून गणला आहे. रानात ससाण्याच्या वेगाने सशामागे धावणारा कुत्रा दिसला की आपले मन त्याच्या मागे जाते, घरी बसलो असता माश्या पकडणारी पाल किंवा जाळ्यात त्यांना गुंडाळणारा कोळी आपल्याला गुंतवून ठेवतो, अशी कबुली तो देतो. त्यावरून आपण देवाच्या स्तुतीकडे वळतो हे तो नाकारत नाही. पण पाहण्यास सुरुवात केली ती स्तुतीसाठी नव्हती, ही टोचणी त्याला आहे. एवढा प्रामाणिक मनुष्य दुसरा मिळणार नाही. तथापि येथे स्तोत्रकर्ता त्याच्याशी सहमत झाला असता असे वाटत नाही. स्तोत्रकर्त्याने सिंहाकडे पाहण्यास सुरुवात केली ती स्तुतीचा हेतू मनात धरून केली की सिंह दिसला म्हणून केली, हा प्रश्नच त्याला सुचलेला नाही. ऑगस्टीनने वापर आणि उपभोग यांत जो भेद केला, म्हणजे उपभोग देवाचाच घ्यावा व जगाचा केवळ वापर करावा, तो मानवी आसक्तीच्या बाबतीत बहुमोल आहे. पण पालीला लावला की तो अवघडतो. पालीचा वापर तरी काय करावयाचा?

अलीकडे या वचनाला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या ६९ व्या परिच्छेदात, इतर जीवांना देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, हे सांगताना याच स्तोत्राचे एकतिसावे वचन आधारास घेतले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण त्या परिपत्रकाच्या आधारे आपल्याकडे होणारे उपदेश ऐकले तर मुंगीचा धडा जाऊन त्याच्या जागी प्लास्टिकचा धडा आला, असे काहीसे वाटते. झाडे लावा, पाणी वाचवा, ही सांगणी योग्यच. तथापि श्रोत्याला एकाही झाडाचे नाव वा स्वभाव न सांगता ती केली जाते, आणि ज्यात आपल्याला गोडी नाही त्याचे रक्षण करण्यास मनुष्य फार दिवस टिकत नाही.

कोणी म्हणेल की प्रभूने स्वतः पाखरे व रानफुले यांचा धडा म्हणूनच उपयोग केला. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु मत्तयाच्या सहाव्या अध्यायात फुलांविषयी जे क्रियापद आले आहे ते नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचा अर्थ नीट निरखून शिकणे असा आहे. फुले कशी वाढतात ते निरखा, अशी ती आज्ञा आहे. धडा पुढे आहेच. आपण आज्ञा वगळून धडा तेवढा घेतो.

गोव्यातील आपल्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होणे साहजिक आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेज्विटाने १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी भाषेची थोरवी गाताना फुलांमध्ये मोगरा, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर अशा उपमांची माळ ओवली आहे. त्या माळेत आनंद ओसंडतो यात शंका नाही; परदेशी मनुष्याने या मातीचा मोगरा हुंगला आहे हे कळते. परंतु ती उत्तमांची यादी आहे. प्रत्येक जातीतून श्रेष्ठ निवडून त्याच्याशी भाषेची बरोबरी करणे हा तिचा हेतू. स्तोत्रात अशी निवड नाही. रानगाढव आणि शाफान हे कोणत्याही कवीच्या उपमांच्या पेटीत सहसा न सापडणारे जीव तेथे आपापल्या नावाने हजर आहेत.

या सगळ्या आनंदात दुःख कोठे आहे, हा प्रश्न उरतो. स्तोत्र ते लपवीत नाही. सिंहाला मिळालेले अन्न कोणत्या तरी हरणाचा अंत असतो, आणि एकोणतिसाव्या वचनात श्वास काढून घेतला की जीव मातीस मिळतात. कवी याला देवाच्या व्यवस्थेचा भाग समजतो. त्याच्या मते या चित्राशी विसंगत अशी एकच गोष्ट आहे आणि ती शेवटच्या वचनात येते : पापी पृथ्वीवरून नाहीसे व्हावेत. सुधारित वाचनमालेने नेमके हेच अर्धे वचन वगळले, कारण सणाच्या दिवशी शाप नको. वगळण्यामागील सौजन्य समजते, पण त्यामुळे सिंह निर्दोष आणि मनुष्य आरोपी, हा स्तोत्राचा निवाडाच उपासनेतून गळतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेशी हे वचन ताडून पाहावे. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पडत-उठत घरट्याशी पोहोचते, पिलांना चारा देते आणि प्राण सोडते. शाळेत आपण ही कविता कारुण्यासाठी शिकलो. पण तिच्यातील क्रौर्य ससाण्याचे वा सापाचे नाही, मनुष्याचे आहे, आणि शीर्षकातील उद्गार त्याच्यावरच रोखलेला आहे. फुलांमुलांचे कवी म्हणून टिळकांना आपण जरा गोडगोड करून टाकले. पाखराच्या वेदनेकडे त्यांनी इतक्या जवळून पाहिले म्हणूनच त्यांना रागावता आले. स्तोत्रकर्त्याचा रागही याच जातीचा आहे. चौतीस वचने ज्याने प्रेमाने पाहिले त्यालाच हे सगळे विद्रूप करणाऱ्याचा संताप येतो.

त्या संतापाचे काय करावे, याविषयी तालमूदच्या बेराखोत प्रकरणात एक गोष्ट आहे. रब्बी मेईर यांना शेजारच्या गुंडांचा फार उपद्रव होता, म्हणून ते त्यांच्या मरणाची प्रार्थना करीत. त्यांची पत्नी बरुरिया हिने याच वचनावर बोट ठेवून म्हटले, येथे पापे नाहीशी होवोत असे वाचता येते, पापी नव्हे; पापे संपली की दुष्ट उरणारच नाहीत, तेव्हा त्यांच्या पश्चात्तापासाठी प्रार्थना करा. मेईर यांनी तसे केले आणि ती माणसे पालटली. शब्दशास्त्र बरुरियाच्या बाजूने पुरतेपणी उभे राहत नाही, शब्दाचा सरळ अर्थ पापी असाच आहे. तरी वचन गाळण्यापेक्षा ते वाचून त्याच्याशी झगडण्याची तिची रीत आपल्या वाचनमालेहून निश्चित बरी. याच वचनाच्या अखेरीस स्तोत्रसंहितेतील पहिले 'हालेलूया' आहे, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान केव्हातरी येतो. तो उशिरा आला तर गोव्यात आणि बेळगावकडे पहिल्या सरी पडून गेलेल्या असतात, आणि भूमीचा चेहरा नवा होणे म्हणजे काय हे मंदिराच्या दारातूनच दिसते. मृगाचे तांबडे मखमली किडे ओल्या मातीवर चालू लागलेले असतात. इंदूर, ग्वाल्हेरकडे त्या वेळी बहुधा धूळच असते, तेथे एकोणतिसावे वचन अधिक जवळचे वाटेल. सबंध स्तोत्र सावकाश म्हणावयास पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत. त्या रविवारी ते पूर्ण म्हणावे, आणि उपदेशात एखाद्या तरी जीवाविषयी, मग तो मृगाचा किडा का असेना, स्वतः पाहिलेले काही सांगावे. त्यावरून लगेच धडा काढण्याची गरज नाही.